आठवी पाकळी

बर्गन, सफरचंदं उतरायचे दिवस

प्रिय एली,

आस्लाक होडीतली लाकडं उतरवून परवा परत निघेल. त्याच्या आत हे पत्र त्याच्या हाती पडायला हवं म्हणून घाईनं लिहिते आहे. घाई म्हणजे आता माझी जी काही असते ती. लेखणी दोऱ्यानं बोटांना बांधून घ्यावी लागते. नाहीतर ती कधी गळून पडली ते मला कळत नाही आणि मी आपली रिकामा हात कागदावरून फिरवत बसते. तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि हे स्वयंपाकघरात वाचू नकोस. धार काढायला जाशील तेव्हा गोठ्यात वाच. मारिताला गाईंचा वास सोसत नाही, ती तिथं फिरकत नाही, असं आस्लाक सांगतो. हे नाजूकपण तिनं कुणाकडून उचललं देव जाणे. आपल्यात तर कुणी असं नव्हतं.

तिचं लग्न ठरल्याचं मला त्यानंच सांगितलं. धक्क्यावर भर पावसात टोपी काढून, मोठा समारंभ असल्यासारखा म्हणाला, "सुन्नेवा, तुझी पोरगी स्तेनेच्या घरात पडतेय. अंमलदाराची सून होणार, आहेस कुठं!" मी म्हटलं, "मेल्या, मग ओरडून कशाला सांगतोस, सगळं बंदर ऐकतंय." आणि मग मीच इतक्या मोठ्यानं हसले की मासळीवाल्या बायकांनी वळून पाहिलं. किती वर्षांनी पोटातून हसले म्हणून सांगू! तुर्केल पोरगा चांगला आहे म्हणे, फिडल वाजवतो, दारू बेतानं घेतो. लग्न पुढच्या उन्हाळ्यात, शेकोट्यांचा सण झाला की. तिच्या डोक्यावर स्तेनेचा चांदीचा मुकुट बसणार. मी सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. आणि इस्पितळाच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझं हसू मावळलं, कारण मला तुर्केलच्या आईची, गुदवेची आठवण झाली.

गुदवे आता तुझी विहीण होणार, तेव्हा तिच्याबद्दल वाकडं बोलत नाही. बाई वाईट नाही. पण तिची नजर! रविवारी चर्चच्या टेकडीवर बायका जमल्या की ती कुणाच्या तोंडाकडं बघतच नसे. छातीवरच्या मण्यांच्या पट्ट्या बघायची आणि सुरू व्हायची, "ही वरच्या वाडीची. हिची आजी पल्याडच्या काठाची. आणि हिनं पट्टी उसनी आणलीय, हिच्या घरात असा निळा मणी नाही." आपण लहान असताना तिनं आपल्याला रडवलं होतं, आठवतं? सगळ्या खाडीत पट्टीवरचं फूल आठ पाकळ्यांचं, आपल्या हाउगेनचं सात. पणजीनं टाके मोजताना चूक केली आणि चूक उसवायची सोडून, नाकावर माशी बसू न देणारी ती बाई म्हणाली की आमच्या घरचं फूल असंच असतं. मग तिची सून, मग आपली आई, मग आपण दोघी, सगळ्यांनी इमानेइतबारे तीच चूक केली. गुदवे तेव्हा म्हणाली होती, "हाउगेनच्या पोरी बाजारात हरवल्या तर बरंय बाई, पाकळ्या मोजल्या की सापडतील." सगळी टेकडी हसली होती आणि तू माझ्या पाठीमागं लपली होतीस.

घर सोडताना मी ती पट्टी तेवढी बरोबर आणली. बाकी सगळं तुमच्यापाशी राहिलं. मारिता तर रांगतही नव्हती. तिचा बाप हेरिंग मासळीच्या मोसमात बुडाला होताच. समुद्रानं एकाला नेलं तसं दुसरीलाही नेलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? तू आणि आईनं गावाला सांगितलंत की बर्गनला जाताना माझी होडी उलटली. पाद्रीबुवांनी माझं नाव वाचलं, घंटा वाजवली, आणि मी इथं जिवंतपणी ते आस्लाकच्या तोंडून ऐकलं. तेव्हा तुमचा फार राग आला होता मला. आता येत नाही. मारिता तुला आई म्हणत मोठी झाली, कुणी तिच्या ताटाला वेगळा चमचा लावला नाही, चर्चमध्ये तिच्या शेजारचा बाक रिकामा राहिला नाही. इथं माझ्या शेजारी राहणाऱ्यांची पोरंबाळं गावात कशी जगतात ते मी ऐकते ना. डॉक्टर सांगतात की आमचा रोग रक्तातून उतरतो, आईकडून लेकीला. राजधानीत म्हणे अशी बोलणी चालली आहेत की ज्या घरात रक्तपिती निघाली त्या घरातल्या पोरांची लग्नंच होऊ द्यायची नाहीत. म्हणजे मारिताची आई इथं आहे एवढं एक जरी स्तेनेच्या घरी कळलं, तरी तो मुकुट पेटीत परत जाईल. मारिता मग जन्मभर तुझ्या त्या गोठ्याच्या दारात उभी राहील.

आणि नेमक्या ह्या वर्षी इथं चितारी आला.

फासमेर त्याचं नाव. आधी जहाजांची चित्रं काढायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. डॉक्टरांनी त्याला बोलावलं, कारण त्यांना आमच्या रोगाचं मोठं पुस्तक करायचंय आणि त्यात आम्ही हवे आहोत, रंगासकट. वसंतात सगळ्यांना सांगितलं की धुतलेले, आपापल्या गावाकडचे कपडे घालून एकेकानं यायचं. तू असायला हवी होतीस! ज्या बायका आठ आठ दिवस केस विंचरत नाहीत त्यांनी रुमाल कडक करून घेतले. ओमुंड आमचा म्हातारा कोळी, त्याला उजवा पंजा राहिलेला नाही, तो दाढी करून आला आणि चिताऱ्याला म्हणाला, "मास्तर, हात काढताना जरा आठवून काढा, बोटं लांब होती माझी." मीही हसले. मीही पेटी उघडली आणि आपली पट्टी काढली. कुणीतरी आपल्याकडं तासभर टक लावून बघणार, तेही किळस न करता, ह्याचंच अप्रूप होतं गं. खोटं कशाला बोलू, मला लग्नाला निघाल्यासारखं वाटलं.

तो बघायचाही तसाच. बोलायचा कमी. "बाई, खिडकीकडं बघा. उजेड गालावर येऊ द्या." एवढंच. सगळ्यांना खिडकीकडंच बघायला लावायचा. त्याचा ब्रश मांजराच्या मिशीएवढा बारीक, आणि कानाच्या पाळीवरची गाठ काढायला तो जेवढा वेळ घेई तेवढाच माझ्या पोलक्याच्या हुकाला. मी मनात म्हटलं, माणूस कामाचा आहे.

आमच्या प्रार्थनाघरात एक जुनं चित्र आहे. बायबलातल्या श्रीमंताच्या दारातला भिकारी लाजरस, अंगभर फोड, कुत्री ते चाटतायत, आणि वरून चार दाते मखमली झग्यांत खाली बघतायत. आम्हाला दर रविवारी त्याच्यासमोर बसवतात. हेरबोर्ग माझ्या खोलीतली, व्हॉसकडची, तिची नजर आता गेली आहे पण जीभ शाबूत आहे. तिनं ते चित्र डोळे असताना पुष्कळ पाहिलंय. ती म्हणते, "त्या चिताऱ्यानं आमच्यातला एकसुद्धा माणूस पाहिला नव्हता. त्यानं कुत्री पाहिली होती आणि श्रीमंत पाहिले होते, ते मात्र हुबेहूब काढलेत." मी तिला सांगितलं की हा फासमेर तसा नाही, हा बघून काढतो. ती म्हणाली, "मग सांभाळ. बघणारा माणूस जास्त वाईट." तेव्हा मला ते लागलं नाही. लागायला हवं होतं.

आस्लाकनं बातमी सांगितली त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात भांडण चाललं होतं. चुलाणावर प्रत्येकाची किटली वेगळी, आणि कुणाची निखाऱ्यापाशी आणि कुणाची मागे ह्यावरून रोज तंटा. त्यात मेट्रन आली आणि चुलीला पाठ देऊन सांगू लागली की चित्रं आता शिळाछापखान्यात जाणार, वसंतापर्यंत पुस्तक तयार होणार, आणि सरकार ते गावोगावी पाठवणार, पाद्र्यांना, डॉक्टरांना, अंमलदारांना, म्हणजे त्यांना रोग ओळखता येईल. "म्हणजे तुम्ही सगळे आता आपापल्या घरी जाणार बघा," असं ती कौतुकानं म्हणाली. ओमुंड म्हणाला, "फुकट होडीनं." सगळे हसले. माझी किटली उतू गेली, माझ्या हातावर सांडली, आणि मला ते इतरांच्या ओरडण्यानं कळलं.

अंमलदारांना. म्हणजे स्तेनेच्या दिवाणखान्यात, मोठ्या टेबलावर, आणि गुदवे पानं उलटणार. चित्रं म्हटल्यावर ती सोडते होय? आणि लग्नाच्या आधीच्या त्या महिन्यांत होणारी सून सासूपाशी बसून शिवण शिकते, हा आपल्याकडचा रिवाजच. मारिता तिच्या शेजारी असणार.

दुसऱ्या दिवशी मी फासमेरकडं गेले आणि माझं चित्र बघायचंय म्हटलं. त्यानं आधी कुणालाच दाखवलं नव्हतं. त्यानं कागदांमधून एक ओढून काढलं. एली, आमच्याकडं आरसे नाहीत. खिडकीच्या काचेत, किटलीच्या पोटात दिसतं तेवढंच तोंड मला ठाऊक होतं. मी त्या बाईकडं पाहिलं आणि पहिल्यांदा मनात आलं, ही कोण बिचारी? भुवया नाहीत, नाक बसलेलं, ओठ एका बाजूला ओढलेला. मग मी खाली पाहिलं आणि तिथं आपलं घर होतं. एकेक मणी. लाल तसा लाल, हिरवा तसा हिरवा, आणि मधोमध फूल, सात पाकळ्यांचं. त्यानं मोजून काढलं होतं. मला रडू आलं ते चेहऱ्याचं नव्हे. चेहरा तर सुटकाच होती, तुझीसुद्धा ओळख पटणार नाही त्या चेहऱ्यानं. मला धडकी भरली ती फुलानं. त्या चेहऱ्याखाली गुदवेला दुसरं काही वाचायची गरजच नव्हती.

मी त्याला म्हटलं, "मास्तर, एक पाकळी राहिलीय." तो म्हणाला, "नाही बाई, मी तीनदा पाहिलं. सातच आहेत. मलाही नवल वाटलं." मी म्हटलं, "मग एक घाला." तो म्हणाला, "नाही ती कशी घालू?" मी हात जोडले. कारण सांगितलं नाही, नुसतं घाला म्हटलं. चेहरा तसाच ठेवा, हवा तर आणखी वाईट करा, पण फूल आठ पाकळ्यांचं करा. त्याला वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण तो हट्टी. म्हणाला, "हे पुस्तक उघडून परदेशातले डॉक्टर म्हणतील, असं नाक असतं? अशी बोटं होतात? मी एक पाकळी खोटी काढली तर तुमच्या जखमाही खोट्याच की. बाई, मी दिसतं तेच काढतो. त्याच्यापलीकडं माझ्याजवळ दुसरं काही नाही."

मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "दिसतं तेच काढता? मग ह्या कागदावर खोली कुठाय? चूल कुठाय? हेरबोर्ग माझ्या उजव्या हाताला बसून सबंध वेळ तुमची टिंगल करत होती, ती कुठाय? ओमुंड हसला की सगळी भिंत हलते, ते हसू कुठाय? तुम्ही आम्हाला एकेकटं कोऱ्या कागदावर टांगून ठेवलंत, जगात कुणी नसल्यासारखं. लाजरसला निदान कुत्री तरी आहेत." तो लाल झाला. बराच वेळ ब्रश पुसत बसला. मग म्हणाला, "डॉक्टरांना रोग हवाय, घर नकोय." मी म्हटलं, "मग घर काढून टाका की त्या पट्टीवरनं!" त्यानं मान हलवली. चित्रं सोमवारी छापखान्यात जाणार होती. डॉक्टरांना गाठलं, तर ते खांद्यावर थोपटायला हात उचलून मग तो तसाच खिशात घालत म्हणाले, "नाव छापणार नाही गं, नुसतं वय. कोण ओळखतंय!" शहरातला माणूस. त्याला काय सांगू की आमच्याकडं नाव छातीवर घालतात.

ते दोन दिवस मी त्याच्या खोलीपुढून येरझारा घालत राहिले. चित्र चोरावं, जाळावं, असंही मनात आलं. हेरबोर्गनं सगळं ऐकून घेतलं. तिला मी मारिताबद्दल कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. ती म्हणाली, "अगं बाई, तू पण काय त्या माणसाशी डोकं फोडत बसलीस? तो म्हणतो ना, दिसतं तेच काढतो? मग त्याला दाखव की आठ."

रविवारी सगळे प्रार्थनेला गेले तेव्हा आम्ही दोघी पोटात दुखतंय म्हणून मागं राहिलो. तुला काय सांगू ते शिवण! माझी नजर आहे, बोटांना स्पर्श नाही. तिच्या बोटांना स्पर्श आहे, नजर नाही. मी सांगायची, "वर, अजून वर, आता डावीकडं," आणि ती टोचायची. मग मी सुई खालून ओढून घ्यायची. लाल मणी कुठून आणायचे ह्याची मला काळजी होती, तर तिनं स्वतःच्या पट्टीवरचे दातानं तोडून माझ्या ओंजळीत टाकले. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "गप गं. मला दिसत नाही आणि मला बघायला कुणी येत नाही. पट्टीला काय करू, चाटू?" फूल सात पाकळ्यांत भरलेलं असतं, एली, आठवीला जागाच नसते. दोन पाकळ्या उसवून बारीक कराव्या लागल्या. त्या आईनं मला शिकवताना माझा हात धरून घातल्या होत्या. त्यांचे टाके मी कात्रीनं कापले तेव्हा मात्र हुंदका आवरला नाही. हेरबोर्ग म्हणाली, "रड, पण माझ्या हातावर नको, सुई निसटते." वरून प्रार्थनेचे सूर येत होते आणि जिन्यावर जरा खुट्ट झालं की आमची धाबी दणाणत होती. काम संपलं तेव्हा पट्टीच्या मागच्या बाजूला रक्त लागलेलं होतं. माझं. मला कळलंही नव्हतं.

सोमवारी तो कागद बांधत होता तेव्हा मी पट्टी घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मास्तर, तुमचं चित्र चुकलंय. मोजा." तो हसला, मग वाकला, आणि त्याचं हसू गेलं. एकदा मोजलं. चित्र उलगडून पाहिलं, पुन्हा मोजलं. मग हळूच म्हणाला, "हा दोरा नवा आहे." मी म्हटलं, "इथं दमट हवा. दोरे कुजतात, पुन्हा घालावे लागतात." त्यानं माझ्या बोटांकडं पाहिलं. चिंध्या गुंडाळल्या होत्या, तरी दिसायचं ते दिसलंच. मी हात पाठीमागं नेले. बाहेर हातगाडीवाला ओरडत होता, लवकर आणा म्हणून. फासमेरनं मला काही विचारलं नाही. त्यानं पेटी पुन्हा उघडली, पाणी मागवलं, आणि म्हणाला, "बसा बाई. जे आहे ते काढायलाच हवं." त्यानं ते फूल खरवडलं आणि नव्यानं काढलं. आठ पाकळ्या, एक जरा वाकडी, तीही वाकडीच काढली. आता त्या पुस्तकातली बाई कुठलीच नाही. गुदवे पान बघेल आणि म्हणेल, "खाडीतली कुणीतरी आहे, शिवण गचाळ," आणि पुढं जाईल. मारिताचं काही जात नाही. मारिताची भीती संपली, एली, तू निश्चिंत हो.

ब्रश हातात होता आणि तो माझ्यापुढं जरा शरमलेला होता, म्हणून मी त्याच्याकडं आणखी एक मागून घेतलं. म्हटलं, मास्तर, माझे डोळेही चुकलेत. मी खिडकीकडं बघत नाहीये, मी तुमच्याकडं बघतेय, नीट बघा. आणि मी तो काम संपेपर्यंत पापणी न लवता सरळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं ते तसं काढलं. सगळ्या पुस्तकात बाकीचे खिडकीकडं बघतात, एकटी मी समोर बघते. तुला ओळख पटावी म्हणून हे सांगते आहे, आणि हे पत्र त्याचसाठी लिहिलं आहे. मला तुझा स्वभाव माहीत आहे. स्तेनेकडं ते पुस्तक आल्याचं कळलं की तू काहीतरी निमित्त काढून मारिताला घरी घेऊन येशील. तसं करू नकोस. तू तिच्याजवळ बस. समोर बघणारी बाई आली की गुदवेला कॉफीचं विचार, हवापाण्याचं विचार, काय वाटेल ते विचार, पण तिला ते पान घाईनं उलटू देऊ नकोस. मारिता तोंड फिरवेल, शी म्हणेल, तर म्हणू दे, तिला रागावू नकोस. आणि तिनं विचारलं की ही कोण, तर माहीत नाही म्हण, तुझं ते म्हणणं मी आजच माफ केलं आहे. फक्त तिनं एकदा त्या बाईच्या डोळ्यांत बघितलं आहे ना, एवढं तू बघ. मग पान उलट.

तुझीच,
सुन्नेवा